रायगडाचे दफ्तर ते न्हावा-शेवाचे बंदर : नक्कल, बीज आणि पुनरारंभ यांचा इतिहास

#धागा

१/ २७ जून २०१७. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर. येथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या कंटेनर टर्मिनलचे संगणक एकाएकी निकामी झाले. जहाजे धक्क्याला होती, क्रेन उभ्या होत्या, कामगार हजर होते. पण कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा आहे, हे सांगणारे यंत्र मुके झाले होते. देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराचा एक भाग त्यामुळे ठप्प झाला.

२/ हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारताचे कंटेनर महामंडळ यांच्या भागीदारीचे. बिघाड न्हावा-शेवात उद्भवलेला नव्हता. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला आणि काही तासांत मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. समूहाच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ बंद पडली. न्हावा-शेवा त्यांतील एक.

३/ या घटनेत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो या धाग्याचा विषय आहे. संगणकाचे लोखंड, तारा, पडदा, सारे जागच्या जागी असताना यंत्र जागे का होत नाही? आणि ते पुन्हा जागे करायचे, तर हाताशी नेमके काय असावे लागते? आज याचे उत्तर बोटभर लांबीच्या एका वस्तूत सामावते : संगणक सुरू करू शकणारा आणि त्याच्या संपूर्ण बॅकअपलाही पोटात जागा देणारा पेन ड्राइव्ह. या वस्तूपर्यंतचा प्रवास मात्र बराच लांबचा आहे.

४/ आरंभ शब्दापासून करू. संगणक सुरू करण्याला ‘बूट करणे’ म्हणतात. त्याचे मूळ बुटाच्या मागे असलेल्या ओढण्याच्या पट्ट्यात, म्हणजे ‘बूटस्ट्रॅप’मध्ये आहे. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलावे, अशी ती अशक्य कल्पना. संगणकाची अडचण अगदी तशीच आहे. स्मृतीत प्रोग्राम आणण्यासाठी प्रोग्राम लागतो, आणि वीज येते त्या क्षणी स्मृती रिकामी असते. मग पहिला प्रोग्राम कोणी आणायचा?

५/ जुन्या यंत्रांत हे काम माणूस करी. १९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग होती. चालकाने एकेक खटका वरखाली करून पहिल्या काही आज्ञा हाताने भरायच्या. त्या आज्ञांनी कागदी फितीवरून पुढचा प्रोग्राम वाचायचा आणि त्या प्रोग्रामने उरलेले सारे आणायचे. एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

६/ फ्लॉपी डिस्क ही वस्तू सर्वांना ‘फाइल ठेवण्याची चकती’ म्हणून ठाऊक आहे. तिचा जन्म मात्र वेगळ्याच कारणासाठी झाला. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी वापरात आणली ती आपल्या सिस्टिम/३७० या महासंगणकांत प्रारंभीच्या सूचना भरण्यासाठी. ती केवळ वाचता येई, तिच्यावर ग्राहकाला काही लिहिता येत नसे. म्हणजे सुटे साठवण-माध्यम आधी यंत्र जागे करण्यासाठी आले आणि माहिती जपण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले.

७/ १९८१ मध्ये आयबीएमचा ‘पीसी’ आला आणि एक संकेत रूढ झाला. वीज येताच यंत्रातील कायमस्वरूपी चिपमधला ‘बायॉस’ जागा होतो, डिस्कचा पहिला भाग वाचतो आणि कारभार त्याच्या स्वाधीन करतो. हा पहिला भाग अवघा ५१२ बाइटांचा. १९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेला ‘पीसी-एक्सटी’ आल्यावर याच ५१२ बाइटांत डिस्कच्या विभागणीचा तक्ताही ठेवण्यात आला : ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रामला, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींना आणि शेवटचे २ बाइट खुणेला. सगळ्या वाड्याची किल्ली एवढ्याशा चिमटीत.

८/ किल्ली एकाच जागी असते, हे चोरालाही कळते. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या याच पहिल्या भागात जाऊन बसे. पुढे तीन दशकांनी नॉटपेट्यानेही तोच भाग हेरला. त्याने पहिल्या भागातला मजकूर पुसून स्वतःचा लिहिला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करवले, आणि डिस्क दुरुस्त होत असल्याचे खोटे दृश्य पडद्यावर दाखवत फाइलींची मूळ सूची कुलूपबंद केली. ३०० डॉलरची खंडणी मागितली खरी, पण पैसे भरूनही कुलूप उघडण्याची सोय त्यात मुळातच नव्हती. ते खंडणीखोराच्या वेशातले विध्वंसक होते.

९/ येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण न्हावा-शेवा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात रायगड किल्ला आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि तेथील शिवकालीन दफ्तर बहुतांशी नष्ट झाले. राज्याच्या मध्यवर्ती कारभाराचे कागद एकाच ठिकाणी एकवटले होते आणि ते ठिकाणच गेले. पेशव्यांचे दफ्तर मात्र १८१८ नंतरही टिकले आणि आज ते पुणे पुराभिलेखागारात आहे. शिवकाळासंबंधीचे अस्सल कागद तुलनेने इतके थोडे का, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या फरकात आहे.

१०/ तरीही शिवकाळाचा इतिहास लिहिता आला. कसा? मराठी कारभारात सनद किंवा वतनपत्र देताना एक रीत होती. अधिकाऱ्याने पत्राची नक्कल, म्हणजे तालीक, सरकारी दफ्तरात ठेवून घ्यायची आणि असल पत्र भोगवट्यासाठी वतनदाराला परत द्यायचे. साहजिकच एकाच मजकुराच्या प्रती वेगवेगळ्या छपरांखाली गेल्या. गडावरचे दफ्तर गेले, पण देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, मठ आणि देवस्थाने यांच्याकडचे रुमाल उरले.

११/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले ते याच रुमालांसाठी. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड निघू लागले आणि त्यांची संख्या २२ वर गेली. केंद्र जळाल्यावर कडेला विखुरलेल्या प्रतींतून मध्य पुन्हा उभा करणे, हे त्या उद्योगाचे स्वरूप होते. मात्र उणीवही स्पष्ट आहे. विखुरलेल्या प्रतींतून कागद मिळाले, कागदांची मूळ मांडणी मिळाली नाही. कोणते पत्र कोणत्या रुमालात, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर होते, ती रचना दफ्तराबरोबरच गेली.

१२/ संगणकाच्या बॅकअपमध्ये हाच भेद फार महत्त्वाचा आहे. फाइली दुसरीकडे उतरवून ठेवणे म्हणजे सुटे कागद जपणे. संपूर्ण प्रतिमा, म्हणजे ‘इमेज’, घेणे म्हणजे रुमालांसह, क्रमासह, किल्लीसह सगळे दफ्तर जसेच्या तसे उतरवणे. पहिल्या प्रकारात छायाचित्रे आणि लेख वाचतात, पण संगणक नव्याने मांडावा लागतो. दुसऱ्या प्रकारात तो ज्या दिवशी प्रत घेतली त्या दिवसाच्या अवस्थेत उठून उभा राहतो.

१३/ अशी संपूर्ण प्रत घेणारे ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडच्या मरे हझार्ड यांनी घडवले. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले आणि ‘नॉर्टन घोस्ट’ हे नाव घरोघर पोहोचले. पुढे तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रातून ‘क्लोनझिला’ हे मुक्त सॉफ्टवेअर आले. ते डिस्कवरचा रिकामा भाग वगळून केवळ वापरलेला भाग उचलते आणि तोही दाबून लहान करते. म्हणूनच मोठ्या डिस्कची प्रत लहान जागेत मावू शकते.

१४/ पण प्रत घेण्यात एक पेच आहे. चालू संगणक स्वतःची पूर्ण प्रत घेताना स्वतःच बदलत असतो, आणि बंद पडलेला संगणक तर आपली प्रत परत भरूच शकत नाही. त्यासाठी बाहेरून जागे करणारे दुसरे काहीतरी हवे. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी सीडीवरून संगणक सुरू करण्याचे ‘एल टोरिटो’ हे मानक ठरवले. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी सीडीवरूनच संपूर्ण चालणारी ‘नॉपिक्स’ ही लिनक्स प्रणाली काढली. हार्ड डिस्क मृत असली तरी संगणक आता चालू होऊ लागला. सीडीची मर्यादा एवढीच, की नेहमीच्या सीडीवर नंतर काही लिहिता येत नसे. ती जागे करी, जपून ठेवू शकत नसे.

१५/ दोन्ही कामे एकाच वस्तूत आणणाऱ्या यूएसबी या जोडणीची कथा मराठी इतिहासाला दुरून का होईना, स्पर्श करते. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्या इंटेलमधील चमूत अजय भट्ट अग्रणी होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे ते सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबात गोपाळराव म्हणून जन्मले होते.

१६/ जोडणी आली, आता साठवण हवी होती. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ‘फ्लॅश’ स्मृतीचा शोध लावला. वीज गेल्यावरही ती माहिती धरून ठेवते आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने ‘थंबड्राइव्ह’ विक्रीस आणला आणि त्याच वर्षी इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचा ‘डिस्कऑनकी’ आयबीएमच्या नावाने आला. त्याची क्षमता ८ मेगाबाइट, म्हणजे त्या काळच्या पाच फ्लॉपींहून थोडी अधिक. महाराष्ट्रात या वस्तूला ‘पेन ड्राइव्ह’ हे नाव पडले आणि तेच टिकले.

१७/ आता हा दुहेरी पेन ड्राइव्ह बनतो कसा, ते पाहू. नव्या संगणकांत बायॉसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. ती पहिले ५१२ बाइट वाचून थांबत नाही. ती ‘फॅट-३२’ पद्धतीने आखलेला विभाग शोधते आणि त्यातील आरंभ-फाइल चालवते. अडचण अशी, की फॅट-३२ मध्ये एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटपर्यंतच जाऊ शकतो, आणि संपूर्ण संगणकाची प्रतिमा त्याहून सहज मोठी होते. जागे करणाऱ्याला जी आखणी लागते ती जपणाऱ्याला अपुरी पडते.

१८/ तोडगा जुनाच आहे : एका वाड्यात दोन चौक. पेन ड्राइव्हचे दोन विभाग करायचे. पहिला लहान, फॅट-३२ चा. त्यात क्लोनझिलासारखी स्वतः सुरू होणारी प्रणाली. दुसरा मोठा, एनटीएफएस किंवा एक्सफॅटचा. त्यात बॅकअपच्या प्रतिमा. विभाग करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, म्हणून तो आधी रिकामा करून घ्यावा. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपूर्वी विंडोजला अशा पेन ड्राइव्हचा केवळ पहिलाच विभाग दिसे. जुना संगणक वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

१९/ पुढची कृती अशी. संगणक बंद करून पेन ड्राइव्ह लावायचा. सुरू होताना आरंभाची यादी उघडायची. त्यासाठीची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, बहुधा एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडायचा. आता हार्ड डिस्क निद्रिस्त आहे आणि पेन ड्राइव्हवरची प्रणाली चालू आहे. तिला ‘डिस्कची प्रतिमा घे’ अशी आज्ञा द्यायची आणि प्रतिमा दुसऱ्या विभागात ठेवायची. संकटकाळी हीच क्रिया उलट दिशेने. तेथे स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे दोनदा वाचावे. त्यांची अदलाबदल झाली तर उरलेली एकमेव प्रतही पुसली जाते.

२०/ मर्स्ककडे प्रती नव्हत्या असे नाही. संपूर्ण जाळ्यात कोण कोणाला ओळखतो, कोणाला कोठे प्रवेश आहे, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक बुडाला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. परंतु सगळे एकाच तारेने जोडलेले होते, म्हणून सगळे एकाच वेळी पुसले गेले. शंभर प्रती एकाच छपराखाली असल्या तर आगीच्या दृष्टीने ती एकच प्रत असते. रायगडाने हे १६८९ मध्ये दाखवले होते.

२१/ वाचला तो एकच सर्व्हर, आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याआधी तेथील वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती इंग्लंडला पाठवण्याइतकी वेगवान जोडणी तेथे नव्हती आणि तेथील कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानाचा एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तेथे ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनच्या विमानात बसला. अवाढव्य कंपनीची किल्ली माणसांच्या हातांतून, खलित्यासारखी, गेली.

२२/ त्याच सुमारास कोपनहेगनच्या मुख्यालयात उपाहारगृहाच्या टेबलांवर संगणकांच्या रांगा लावल्या गेल्या. कर्मचारी त्या रांगांतून फिरत, एकेका यंत्रात पेन ड्राइव्ह घालत आणि ते नव्याने उभे करत. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभारण्यात आले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

२३/ राखून ठेवण्याचे हे शहाणपण शिकायला दावोसला जावे लागत नाही. नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ते दोन ठिकाणी पाहायला मिळते. हिवरे बाजार हे सुमारे ४०० मिलिमीटर पावसाचे अवर्षणग्रस्त गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांतून ते बदलले. पण पाणी अडवल्याने अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे केले पाण्याच्या ताळेबंदाने : दरवर्षी पाऊस मोजायचा, माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. जमिनीखालचा साठा हा रोजच्या खर्चाचा नाही, हे गावाने नियम म्हणून मान्य केले.

२४/ त्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्री सन्मानांच्या यादीत पवार आणि पोपेरे ही दोन्ही नावे एकत्र होती. बी हे नुसता साठा नसते. त्यात संपूर्ण रोपाचे वर्णन असते आणि ते रोप सुरू करण्याची शक्तीही असते. स्वतः जागे होणारा आणि सगळे पोटात ठेवणारा पेन ड्राइव्ह याहून निराळा नाही. आणि जो नियम बियाण्याला, तोच त्याला : कितीही ओढ लागली तरी बियाण्याची कणगी रोजच्या स्वयंपाकाला उघडायची नाही.

२५/ म्हणून काही पथ्ये. असा पेन ड्राइव्ह एरवीच्या गाणी-चित्रपटांसाठी वापरू नये. संगणकाला लावून ठेवू नये, कारण लावलेली प्रत ही घानाचा सर्व्हर ठरत नाही, उरलेल्या सर्व्हरांसारखी पुसली जाते. फ्लॅश स्मृतीतील विद्युतभार काळाच्या ओघात क्षीण होतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे कपाटात विसरू नये. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि सर्वांत शेवटी, प्रत घेतली म्हणजे झाले असे नाही. ती एकदा तरी परत भरून पाहावी. न पेरलेल्या बियाण्याची उगवणशक्ती कोणालाच ठाऊक नसते.

२६/ आजची वतनपत्रे, पत्रव्यवहार, सात-बारा, ग्रामसभेचे ठराव, शोधनिबंधांचे कच्चे खर्डे हे सारे डिस्कवर आहे. उद्याच्या राजवाड्यांना रुमाल मिळणार नाहीत, मिळालेच तर असे जुने पेन ड्राइव्ह मिळतील. कागद अर्धा जळला तरी उरलेला अर्धा वाचता येतो. डिस्कचे पहिले ५१२ बाइट गेले तरी सगळे दफ्तर अंधारात जाते. आपल्या काळाचे किती कागद पुढे वाचले जातील, हे कोणत्या गडाच्या पाडावावर ठरणार नाही. घराघरांतून निगुतीने काढून, वेगळ्या छपराखाली ठेवलेल्या तालिकेवर ते ठरणार आहे.

(धागा समाप्त)